खलनायकाचे देणे : सदाशिव अमरापूरकर

आपल्या नियतकालिकांतून कवींवर, कथाकारांवर, आत्मकथनकारांवर पुष्कळ लिहिले गेले. शाहिरांवर आणि जलशांवर त्याहून कमी, पण लिहिले गेले. नटांवर मात्र जवळजवळ नाहीच. नट दुसऱ्याचे शब्द बोलतो, दुसऱ्याने आखून दिलेल्या जागी उभा राहतो, तेव्हा त्याच्या पदरी विचार कसला असणार, अशी आपली समजूत आहे. त्यात तो हिंदी सिनेमातला खलनायक असला म्हणजे विचारायलाच नको. सदाशिव अमरापूरकरांचे खाते उघडून पाहिले तर त्यात आपल्या चळवळीच्या बाजूने जमा झालेले बरेच दिसते, आणि नावे पडलेलेही तेवढेच ठळक दिसते. त्यांच्या निधनानंतर जे लिहिले गेले त्यात जमेची बाजू भरभरून आली. नावेची बाजू कोणी फारशी वाचली नाही. येथे दोन्ही वाचायच्या आहेत.

११ मे १९५० रोजी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांचा जन्म झाला. घरचे नाव गणेश. ‘सदाशिव’ हे नाव त्यांनी रंगभूमीसाठी घेतले, आणि जवळच्या माणसांत ते ‘तात्या’ राहिले. शिक्षण इतिहास विषयात एम. ए. पर्यंत. नाटकाचे वेड शाळा-कॉलेजापासूनचे. १९७० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याबाहेरच्या तरुणाला नाटक करायचे असेल तर त्याच्यासमोर एकच मोठा दरवाजा उघडा होता, तो राज्य नाट्यस्पर्धेचा. १९५४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेने जिल्ह्याजिल्ह्यांतून हौशी नटांची एक फळी उभी केली. दिवसा बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत काम करायचे, रात्री एखाद्या सभागृहात तालीम करायची, आणि वर्षातून एकदा परीक्षकांसमोर उभे राहायचे. अमरापूरकर या फळीतून वर आले. व्यावसायिक रंगभूमीवर जाण्याआधी नट आणि दिग्दर्शक या दोन्ही नात्यांनी त्यांचा हात बसला तो नगरातच.

येथे एक गोष्ट नोंदवून पुढे जावे. याच जिल्ह्यात दुसरी एक रंगभूमी चालू होती. यात्रा-जत्रांतून, कनातीत, रात्र रात्र. संगमनेरला बिऱ्हाड केलेल्या कांताबाई सातारकरांचा फड याच जिल्ह्यातला. २०२१ साली, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर, त्या तिथेच वारल्या. जलसाकारांची परंपराही याच गावागावांतली. पण स्पर्धेचे नाटक आणि तमाशाची कनात यांच्यामध्ये जी भिंत होती ती जातीचीच होती. एका बाजूला सभागृह आणि प्रमाणपत्र होते, दुसऱ्या बाजूला सुपारी आणि शिवी होती. अमरापूरकर पहिल्या बाजूचे नट होते. हा त्यांचा दोष म्हणता येत नाही. ते कोणत्या दाराने आत आले हे मात्र विसरू नये.

१९७९ साली नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटात त्यांनी लोकमान्य टिळकांची भूमिका केली. पुढे व्यावसायिक रंगभूमीवर ‘हँड्स अप’ हे नाटक गाजले, आणि त्यातले त्यांचे काम गोविंद निहलानी यांच्या पाहण्यात आले. निहलानी तेव्हा ‘अर्धसत्य’च्या तयारीत होते. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली होती. १९८३ साली चित्रपट आला आणि नगरच्या या नटाला साऱ्या देशाने रामा शेट्टी म्हणून ओळखले.

रामा शेट्टीच्या वाट्याला दृश्ये मोजकी आहेत. हिंदी सिनेमाच्या रिवाजाप्रमाणे त्याने ओरडायला हवे होते, दारूचा पेला फोडायला हवा होता. अमरापूरकरांनी यातले काही केले नाही. हा माणूस घरच्या कपड्यांत बसून सावकाश बोलतो, समोरच्या फौजदाराला जणू घरच्या पोराला समजवावे तसे समजावतो. त्याला महापालिकेची निवडणूक लढवायची आहे. त्याची भीती वाटते ती त्याच्या हातातल्या शस्त्रामुळे नाही. कायदा त्याच्या ओसरीवर येऊन बसतो याची त्याला खात्री आहे, आणि ती खात्री भीती घालते. आपल्या वस्त्यांतून ज्यांनी असा ‘भाऊ’ पाहिला आहे, ज्याच्या शब्दाशिवाय नळाला पाणी येत नाही आणि पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेतली जात नाही, त्यांना ही भूमिका समजावून सांगावी लागत नाही. फिल्मफेअरने त्यांना सहायक अभिनेत्याचे पारितोषिक दिले.

त्याच वर्षी, म्हणजे १९८३ साली, अमरापूरकरांनी तेंडुलकरांचेच ‘कन्यादान’ हे नाटक इंडियन नॅशनल थिएटरसाठी दिग्दर्शित केले. आपल्या वाचकांच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातली सर्वात अडचणीची नोंद ही आहे.

नव्या विद्यार्थ्यांसाठी कथानक सांगतो. नाथ देवळालीकर हा समाजवादी आमदार आहे. त्याची पत्नी सेवा हीही सामाजिक कार्यात आहे. त्यांची मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करायचे ठरवते. नाथला हर्ष होतो, कारण आयुष्यभर भाषणांत सांगितलेली जातिनिर्मूलनाची गोष्ट आता आपल्या घरात घडणार असते. लग्न होते. अरुण ज्योतीला मारहाण करतो, ती गरोदर असतानाही करतो. त्याचे आत्मकथन मात्र गाजते, आणि त्या पुस्तकावर नाथला व्यासपीठावरून स्तुतीचे बोलावे लागते. शेवटी ज्योती बापाचा आदर्शवाद त्याच्याच तोंडावर फेकते आणि नवऱ्याकडे निघून जाते.

हे नाटक कोणत्या काळात आले ते पाहावे. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. १९७८ साली ‘बलुतं’ आले. त्याचे लेखक दया पवार याच नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले, धामणगावचे. त्यांच्या मागोमाग आत्मकथनांची रांग लागली. ज्या आवाजाला छपाईच्या यंत्रापर्यंत पोचायला पिढ्या लागल्या, तो आवाज पोचून पाच वर्षे होतात न होतात तोच रंगभूमीवर एक दलित आत्मकथनकार उभा राहिला, आणि तो बायकोला मारणारा होता. नाटकाला आपल्याकडून कडाडून विरोध झाला. पुढे १९९३ सालचा सरस्वती सन्मान याच नाटकाला मिळाला, तेव्हा ज्या नाटकासाठी आपल्यावर चप्पल फेकली गेली त्यालाच हा सन्मान मिळतो आहे, असे तेंडुलकरांनी बोलून दाखवले.

तेंडुलकरांच्या बाजूने जे बोलले गेले तेही नीट ऐकून घेतले पाहिजे. नाटकाचा रोख दलितावर नाही, नाथच्या भाबड्या आणि दांभिक आदर्शवादावर आहे, असे म्हटले गेले. यात तथ्य आहे. दलित घरातून बायकोला मार बसतच नाही असेही कोणी म्हणू नये. आपल्या भगिनींनी आपल्या आत्मकथनांतून तो मार लिहून ठेवला आहे, आणि तो लिहिताना त्या कचरल्या नाहीत. प्रश्न वेगळा आहे. ‘अर्धसत्य’ आणि ‘कन्यादान’ शेजारी ठेवून पाहिले की तो दिसतो.

‘अर्धसत्य’मधला अनंत वेलणकरही हिंसक आहे. तो कोठडीतल्या माणसाला मारून टाकतो. चित्रपट विचारतो, ही हिंसा आली कुठून? उत्तर देतो : पोलीस असलेल्या बापाकडून, ज्याने आईला मारले. खात्याकडून, जे त्याला दररोज लाचार करते. राजकारणाकडून, ज्याचे नाव रामा शेट्टी आहे. वेलणकरांच्या हिंसेची फोड करताना त्यांच्या जातीचा पत्ता शोधावा असे लेखकाला वाटत नाही, प्रेक्षकालाही नाही. वेलणकर एक माणूस म्हणून बिघडतो. अरुण आठवले हाही बापाने आईला मारलेले पाहतच वाढला आहे. पण त्याची हिंसा त्याच्या एकट्याची राहत नाही, ती त्याच्या समाजाची होते. नाटकातली माणसे ती तशीच बोलतात आणि प्रेक्षागृह ती तशीच घरी घेऊन जाते. एकाच लेखकाच्या एकाच वर्षातल्या दोन कृतींत हिंसेचे दोन हिशेब मांडले गेले, आणि दोन्ही ठिकाणी अमरापूरकर हजर होते, एकीकडे नट म्हणून आणि दुसरीकडे दिग्दर्शक म्हणून. प्रयोग विरून जातात, संहिता उरते. तेव्हा आपला मुख्य वाद संहितेशीच आहे. तरीही कोणती संहिता उभी करायची हे दिग्दर्शक ठरवतो. नट म्हणून माणूस परस्वाधीन असेल, दिग्दर्शक म्हणून तो तितका परस्वाधीन नसतो.

यापुढचे उत्तर इतिहासाने नगर जिल्ह्यातच लिहिले. जानेवारी २०१३ मध्ये नेवासा तालुक्यातल्या सोनईला प्रेमप्रकरणावरून मेहतर समाजाच्या ३ तरुणांची हत्या झाली. २०१८ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने ६ जणांना फाशीची शिक्षा सुनावली. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून मारून झाडाला लटकावले गेले. साक्षीदार फितले आणि २०१७ साली सारे आरोपी सुटले. दलित मुलगा आणि सवर्ण मुलगी हा विषय रंगभूमीवर आणताना मार कोणाला बसतो हे ठरवण्याचा हक्क नाटककाराला आहे. गावात तो कोणाला बसतो हेही कोणीतरी रंगभूमीवर आणायला हवे होते. अमरापूरकर तेव्हा हयात होते, आणि जिल्हा त्यांचाच होता.

‘अर्धसत्य’नंतरची वर्षे हिंदी सिनेमाने त्यांना दिली, की त्यांची घेतली, याचा निवाडा करणे कठीण आहे. ‘तेरी मेहरबानियाँ’, ‘हुकूमत’, ‘खतरों के खिलाडी’, ‘ऐलान-ए-जंग’ अशी रांग लागली. रामा शेट्टीत जे न ओरडता साधले होते त्याच्या जागी आता चित्रविचित्र टोप्या, तकिया-कलाम आणि गडगडाटी हसणे आले. १९८७ च्या ‘हुकूमत’मधल्या त्यांच्या खलनायकाचे नाव दीनबंधू दीनानाथ असे होते. ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांच्या पत्राचे नाव. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेले. मुंबईच्या पटकथालेखकाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि त्या योगायोगावर फार भार टाकू नये. पण लगोलग याच नटाने जोतीराव फुले उभे केले, म्हणून तो लक्षात राहतो.

ती भूमिका श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मधली. १९८८ पासून दूरदर्शनवर दाखवली गेलेली ही ५३ भागांची मालिका पंडित नेहरूंच्या ज्या ग्रंथावर आधारलेली आहे, तो ग्रंथ नेहरूंनी १९४२ ते १९४५ या काळात नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना लिहिला. त्या ग्रंथात जोतीरावांना वाहिलेले प्रकरण नाही. बेनेगलांनी मालिकेत त्यांना स्वतंत्र भाग दिला आणि जोतीरावांसाठी नगरचा नट घेतला. जोतीरावांचे नगरशी नाते जुने. मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी याच गावात पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात शाळा काढण्यामागे त्या भेटीची प्रेरणा होती. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाशीही नगरचे नाव जोडलेले आहे. नेहरूंनी जो देश या किल्ल्यात बसून शोधला, त्या किल्ल्याच्याच गावात ही शाळा होती.

आज युगपुरुषांवर मालिका आणि चित्रपट निघणे ही नेहमीची गोष्ट झाली आहे. १९८८ साली तसे नव्हते. दूरदर्शन हेच एक दूरदर्शन होते. ज्या पडद्यावर तोवर रामायण चालू होते आणि महाभारत येत होते, त्याच पडद्यावर शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची गोष्ट हिंदीतून देशभर गेली. बिहारमधल्या, राजस्थानमधल्या घराघरांतून ज्यांनी जोतीरावांचे नावही ऐकले नव्हते, त्यांना ते प्रथम दिसले ते अमरापूरकरांच्या चेहऱ्याने. आणि हा चेहरा लोकांनी खलनायकाचा म्हणून ओळखलेला होता. पांढरपेशा समाजाने जोतीरावांना हयातीत जे मानले, त्याच्याशी हे विचित्र रीतीने जुळते. जोतीरावांनी १८५५ साली लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने बाजूला सारले, आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडावे लागले. ज्याचे स्वतःचे नाटक सव्वाशे वर्षे कोणी रंगभूमीवर येऊ दिले नाही, तो माणूस अखेर दुसऱ्याच्या लेखणीतून पडद्यावर आला.

१९९१ साली महेश भट्ट यांच्या ‘सडक’मध्ये त्यांनी महाराणी ही कुंटणखाना चालवणाऱ्या हिजड्याची भूमिका केली. फिल्मफेअरने खलनायकासाठी नव्याने सुरू केलेले पारितोषिक पहिल्यांदा दिले ते या भूमिकेला. अभिनय म्हणून पाहिले तर रामा शेट्टीनंतरचे त्यांचे हेच काम प्रेक्षकांच्या मनात बसले. पण त्या भूमिकेची किंमत कोणी मोजली हेही विचारावे. रेल्वेच्या डब्यात, सिग्नलवर, बाजारात ज्या माणसांना आधीच दगड बसत होते, त्यांच्यावर पुढे कित्येक वर्षे ‘महाराणी’ म्हणून शिट्ट्या मारल्या गेल्या. पडद्यावर त्यांचे दुसरे चित्र नव्हते, त्यामुळे हेच चित्र खरे ठरले. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना तिसरे लिंग म्हणून मान्यता दिली, तेव्हा या चित्राला तेवीस वर्षे झाली होती. येथे ‘कन्यादान’चाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. ज्या समाजाचे पडद्यावर एकच पात्र असते, त्या पात्राच्या अंगावर साऱ्या समाजाचे कपडे चढतात.

आणि गंमत अशी की, हाच माणूस नगरच्या ‘स्नेहालय’च्या कामाशी जोडलेला होता. १९८९ पासून वेश्यावस्तीतल्या स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्यासाठी ही संस्था काम करते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’ (१९९५) या चित्रपटातही अमरापूरकर होते. खेड्यातली मुलगी देहविक्रयात ढकलली जाते आणि तिच्याच पैशावर जगणारे घर तिला परत घ्यायला तयार होत नाही, अशी ती कथा. ‘सडक’ आणि ‘दोघी’ यांच्यामध्ये चार वर्षांचे अंतर आहे. बाजारासाठी केलेले काम आणि मनाने केलेले काम यांच्यातले अंतर वर्षांत मोजता येत नाही.

आता जमेच्या बाजूकडे येतो. ती सामाजिक कृतज्ञता निधीची आहे. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट तपशिलाने समजून घेण्यासारखी आहे.

१९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात पूर्ण वेळ काम करणारे कितीतरी कार्यकर्ते होते. धरणग्रस्तांत, भटक्या-विमुक्तांत, हमालांत, देवदासींत, अंधश्रद्धेविरुद्ध. यांना पगार नव्हता. परदेशी पैसा घ्यायचा नाही असा अनेकांचा निश्चय होता. मग घर चालायचे कसे? डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासारख्या मंडळींनी यावर विचार केला. समाजाने या माणसांचे देणे लागते, ते भीक म्हणून देऊ नये, कृतज्ञता म्हणून द्यावे, या भूमिकेतून निधीचे नाव ठरले. निधी उभारून त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचे ठरले. पैसा जमवायला आचार्य अत्र्यांचे ‘लग्नाची बेडी’ हे १९३६ सालचे विनोदी नाटक निवडले गेले. लागू, निळू फुले, तनुजा, अमरापूरकर असे गाजलेले कलावंत मानधन न घेता त्यात उतरले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रयोग झाले.

यात क्रांतीचे एकही वाक्य नव्हते. लोक आले ते हसायला, आणि सिनेमातली माणसे जिवंत पाहायला. निळू फुल्यांना गावातल्या बायका शिव्या घालत, अमरापूरकरांच्या नावाने पोरे घाबरत. पडद्यावर वाडा लुबाडणारे, गरिबाची जमीन खाणारे हे दोन चेहरे, आणि त्यांच्या तिकिटाचा पैसा भूमिहीनांत काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या चुलीपर्यंत गेला. नट ज्या बाजारात विकला जातो, त्या बाजाराकडून मिळालेले नाव त्याने पुन्हा कुठे खर्च करायचे हे मात्र त्याच्या हातात असते. अमरापूरकरांनी ते येथे खर्च केले, आणि वर्षानुवर्षे केले. निधीच्या आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते पाहुणे म्हणून नव्हे, कामकरी म्हणून वावरले.

आपल्या दृष्टीने यात एक टोचणीही आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाला आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले. कार्य समाजाच्याच पैशावर चालावे, हा तो विचार होता. त्या हिशेबाने आज शिकून नोकरीला लागलेल्या आपल्या दोन पिढ्यांनी किती कार्यकर्त्यांची घरे चालवली असती! ते काम सिनेमातल्या मंडळींना अत्र्यांच्या फार्सवर करावे लागले.

पुढच्या वर्षांत ‘आँखे’ (१९९३), ‘कुली नं. १’ (१९९५), ‘इश्क’ (१९९७) यांतून ते विनोदी भूमिकांकडे वळले, आणि मग पडद्यावर हळूहळू कमी दिसू लागले. २००२ सालच्या ‘वास्तुपुरुष’मध्ये मात्र पुन्हा तो जुना, न ओरडणारा नट भेटतो.

मार्च २०१३ मध्ये महाराष्ट्रात मोठा दुष्काळ होता. मराठवाड्यात आणि नगरच्या दक्षिण तालुक्यांत टँकर फिरत होते. मुंबईत त्यांच्या राहत्या इमारतीजवळ होळीनिमित्त टँकरच्या पाण्यात नाच चालला होता. त्यांनी जाऊन पाण्याची नासाडी थांबवायला सांगितले, आणि त्यांना धक्काबुक्की झाली. तेव्हा त्यांचे वय ६२ होते. वर्तमानपत्रांनी ‘खलनायकाला मार’ अशा थाटात बातमी रंगवली. पाणवठ्यावर बोलल्याबद्दल मार खाण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. त्यांना तो महानगरात, उच्चभ्रू वस्तीत आणि उलट्या बाजूने आला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. निधीसाठी एकत्र आलेल्या माणसांतला एक जण असा गेला. निळू फुले २००९ सालीच गेले होते.

त्याच २०१३ मध्ये ‘बॉम्बे टॉकीज’ हा चित्रपट आला. त्यातल्या दिबाकर बॅनर्जींच्या भागात अमरापूरकर शेवटचे दिसले. नोकरी नसलेल्या, नट होऊ न शकलेल्या एका माणसाला चित्रीकरणात क्षणभराचे काम मिळते. तालीम करताना त्याला त्याचा मेलेला नाट्यगुरू भेटतो आणि खरडपट्टी काढतो. तो गुरू म्हणजे अमरापूरकर. दोन-चार मिनिटांच्या त्या कामात रामा शेट्टीचा सावकाशपणा आहे, हौशी रंगभूमीवरच्या तालमीचा कडकपणा आहे, आणि नटाच्या फुकट गेलेल्या वर्षांबद्दलचा राग आहे.

३ नोव्हेंबर २०१४ रोजी फुप्फुसांच्या आजाराने मुंबईत त्यांचे निधन झाले. पार्थिव नगरला आणले गेले आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या अमरधाममध्ये अंत्यसंस्कार झाले. खर्ड्याचा खटला तेव्हा उभा राहायचा होता. सोनईचा निकाल लागायला अजून तीन वर्षांहून अधिक काळ होता.